लातूरहून अलास्काची क्रूझ, आम्ही दोघंच – कुठली घ्यावी, केबिन कुठली, ह्यांच्या जेवणाचं काय?

मांजराकाठची ताई :

नमस्कार मंडळी. मी लातूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, आमचे हे वीज बोर्डातून माझ्या आधी. लेक सिॲटलला असते, जूनमध्ये तिच्याकडं जायचंय. लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून लेक-जावई म्हणायलेत की जुलैत सात दिवसांची अलास्काची क्रूझ तुम्ही दोघंच करून या, तिकीट आम्ही काढतो, पण कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा. आता आम्ही काय ठरवणार, समुद्र म्हणजे आम्ही गणपतीपुळ्याला दोनदा आणि मुंबईला गेटवेवर एकदा बघितलेला, जहाजात पाय ठेवलेला नाही.

अलास्काच का तर ते ह्यांच्यामुळं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला, ते सगळ्यांना आठवत असेल. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. हे स्टेशनवर जाऊन उभे राहिले होते नुसते बघायला. त्याच दिवसांत कधीतरी टीव्हीवर बर्फाचा अख्खा कडा समुद्रात कोसळताना दाखवला, आमच्या घरात तेव्हा बारा दिवसांनी टँकर येत होता, आणि हे म्हणाले की हे एकदा डोळ्यानं बघायचं. त्यानंतर परत कधी बोलले नाहीत, पण लेकीनं ते ध्यानात ठेवलं होतं.

तर विचारायचं असं की वेगवेगळ्या जहाजांची वेगवेगळी बंदरं दाखवायलेत, जुनो, स्कॅग्वे, केचिकन, सिटका, व्हिक्टोरिया, त्यात काय बघून निवडायचं? ह्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, गुडघेही थोडे दुखतात. दोघंही माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, आणि जुलैत म्हणजे आषाढी जहाजावरच येणार. बाल्कनीच्या खोलीला बिनखिडकीच्या खोलीपेक्षा लई जास्त पैसे आहेत, लेकीचे पैसे उगं जाऊ नयेत असं वाटतं. कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा. आणि बोट लागते का हो लई?

–––

गोदाकाठ नांदेड :

ताई, आधी तुमच्या साहेबांना माझा नमस्कार सांगा. मी आणि बायको तीन वर्षांपूर्वी जाऊन आलो, व्हँकुव्हरहून बसलो होतो, आणि मला जे कुणी आधी सांगायला पाहिजे होतं ते तुम्हाला सांगतो.

जहाज किती मोठं, त्यावर घसरगुंड्या किती, थिएटर कसलं हे बघूच नका. तुमचे साहेब ज्यासाठी चाललेत तो बर्फाचा दिवस, तो कुठला आहे ते बघा. प्रत्येक क्रूझमध्ये एक दिवस हिमनदीसाठी, म्हणजे ग्लेशियरसाठी, ठेवलेला असतो पण सगळ्यांचा सारखा नसतो. काही जहाजं ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये जातात, काही हबर्ड ग्लेशियरला, काही एंडिकॉट आर्म नावाच्या अरुंद खाडीत डॉज ग्लेशियरपर्यंत. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला फक्त दोन मोठ्या जहाजांना परवानगी आहे, त्यामुळं तिथं गर्दी नसते, सकाळी छोट्या होडीतून पार्कचे रेंजर लोक चालत्या जहाजावर चढतात आणि दिवसभर स्पीकरवरून माहिती सांगतात. माझं स्पष्ट मत, ग्लेशियर बे असलेलीच घ्या, बाकी एखादं बंदर कमी असलं तरी चालेल. सिॲटलहून सुटणाऱ्या काही जहाजांमध्येही ते असतं.

१७९४ साली इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं ग्लेशियर बेला गेली तेव्हा ती खाडी नव्हतीच, तोंडाशी बर्फाची भिंत होती. १८७९ ला जॉन म्यूर नावाचा निसर्ग अभ्यासक गेला तोवर ते बर्फ ४० मैलांहून जास्त मागं सरकलेलं होतं, आणि आज तुमचं जहाज साधारण ६५ मैल आत जातं, म्हणजे लातूर ते धाराशिव आणि त्याच्याही पुढं, ती सगळी जागा अडीचशे वर्षांपूर्वी बर्फाखाली होती. हे माहीत असलं की जाताना दोन्ही बाजूचे डोंगर वेगळेच दिसतात, तोंडाजवळ दाट झाडी आणि आत जाल तसा नुसता उघडा खडक, कारण तिथं अजून झाडं यायला वेळच मिळाला नाही.

दुसरं, सिॲटल की व्हँकुव्हर. लेक सिॲटलला आहे म्हणून तिथूनच बसा, सोपं पडतं, पण तिथून सुटणारी बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून उघड्या समुद्रातून जातात, तिथं पहिली रात्र आणि दुसरा दिवस थोडं हलतं. व्हँकुव्हरहून निघालेलं जहाज बेट आणि जमीन यांच्या मधून जातं, तो इनसाइड पॅसेज, पाणी एकदम तळ्यासारखं. बोट लागायची भीती फारच असेल तर हा फरक ध्यानात घ्या.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कॅनडाचा व्हिसा. व्हिक्टोरिया कॅनडात आहे. सिॲटलहून सुटणाऱ्या जहाजाला परदेशातलं एक तरी बंदर घ्यावंच लागतं, अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे तसा, म्हणून संध्याकाळी काही तासांसाठी का होईना व्हिक्टोरियाला थांबतात. आपल्या पासपोर्टला तेवढ्यासाठीही कॅनडाचा व्हिसा लागतो. आम्हाला आमच्या एजंटनं हे सांगितलंच नव्हतं, विमानाची तिकिटं झाल्यावर कळालं, ते पंधरा दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. तुम्ही इथूनच काढून घ्या, बायोमेट्रिकला वेळ लागतो. अमेरिकेचा मल्टिपल एंट्री आहे ना तेही बघा.

बंदरांबद्दल रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आलंय.

–––

परभणीकर एक :

बिनखिडकीची खोली घ्या ताई. जुलैत तिकडं पहाटे चारला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो, बिनखिडकीत अंधार असल्यामुळं झोप तरी चांगली लागते. बघायचं ते सगळं वरच्या डेकवरून चारही बाजूनं दिसतं, बाल्कनीतून एकच बाजू. वाचलेल्या पैशात जुनोला व्हेल बघायला जा.

–––

गोदाकाठ नांदेड :

परभणीकर भाऊंचं बरोबर आहे पण काकांचे गुडघे दुखतात म्हणून मी बाल्कनी म्हणेन. वर डेकवर वारं असतं, बसायला जागा नसते, थंडी वाजली की खाली या, परत कोट घालून वर जा, हे दिवसातून दहादा होतं. आमची बायको सकाळी पाचला शाल गुंडाळून बाल्कनीत बसायची, मी चहा आणून द्यायचो, आणि ३० वर्षांत आम्ही इतकं बोललो नसू तेवढं त्या सात दिवसांत बोललो. पैसे त्याचे दिले असं मी समजतो. फक्त खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथं हलणं कमी. पुढचं टोक, मागचं टोक आणि सगळ्यात वरचे मजले नकोत.

आता बंदरं. जुनो ही अलास्काची राजधानी, वस्ती साधारण ३२ हजार, म्हणजे आपल्या उदगीरपेक्षा पुष्कळ लहान, आणि तिथं बाहेरून जाणारा रस्ताच नाही, विमान नाहीतर बोट. तिथून वीसेक किलोमीटरवर मेंडेनहॉल ग्लेशियर आहे, धक्क्यावरून बस मिळतात. समोर तळं, पलीकडं बर्फ, आणि बाजूला नगेट फॉल्स नावाचा मोठा धबधबा. धबधब्यापर्यंतची वाट सपाट आहे, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर, काका सावकाश चालले तर जमेल. व्हेल बघायच्या छोट्या बोटीही इथूनच. हे हंपबॅक व्हेल हिवाळ्यात हवाईला असतात, तिथं पिल्लं होतात पण खायला जवळजवळ काहीच नसतं, मग हजारो किलोमीटर पोहत उन्हाळ्यात इथं खायला येतात. पोटासाठी केवढं मोठं स्थलांतर, मला तर आपले ऊसतोडीला जाणारे लोक आठवले.

स्कॅग्वे एवढंसं गाव, हजार-बाराशे माणसं, पण तिथून व्हाइट पास नावाची डोंगरातली रेल्वे सुटते ती चुकवू नका. १८९६ ला पलीकडं कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये सोनं सापडलं आणि लाखभर लोक निघाले, कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला की वर्षभराचं सामान, जवळजवळ एक टन, बरोबर असल्याशिवाय आत सोडणार नाही, मग लोक एकच खिंड वीस-तीस वेळा चढायचे-उतरायचे पाठीवर ओझं घेऊन. रेल्वे १८९८ ला सुरू केली आणि १९०० ला पूर्ण झाली, तोवर सोन्याचा भर ओसरला होता. २० मैलांत २,८६५ फूट चढते. जाताना डाव्या बाजूला बसा, दरी त्या बाजूला आहे. ज्यांना चालणं होत नाही त्यांना ह्याच्यासारखी सहल नाही.

केचिकनला पाऊस धरूनच चाला. सिटका मिळालं तर घ्या, अलास्का रशियाचं होतं तेव्हाची ती राजधानी. १८६७ ला ७२ लाख डॉलरला विकलं त्यांनी अमेरिकेला, हस्तांतर तिथंच झालं.

–––

अंबाजोगाई डॉक्टर :

काकांच्या शुगरबद्दल लिहिते. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग जहाजावर चढवताना तुमच्याकडून घेतात आणि ती खोलीत यायला संध्याकाळ होते. सात दिवसांची ट्रिप असली तरी औषध पंधरा दिवसांचं न्या, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्लिशमध्ये लिहून घ्या, आपल्याकडची ब्रँडची नावं तिकडं कुणाला कळत नाहीत.

बोट लागण्याचं म्हणाल तर उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फार उपयोग नसतो, आधी घ्यावी लागते, आणि त्या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. बीपीची किंवा प्रोस्टेटची औषधं चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. त्रास व्हायला लागला तर खोलीत पडून मोबाईल बघू नका, वर उघड्यावर येऊन लांब क्षितिजाकडं बघत राहा, पोट एकदम रिकामं ठेवू नका, आल्याचा तुकडा चघळा.

जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर-नर्स असतात, पण बिल अमेरिकेच्या हिशोबानं येतं. म्हणून इन्शुरन्स काढताना त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का, आणि समुद्रातून हेलिकॉप्टरनं न्यायची वेळ आली तर तो खर्च धरलाय का, ही दोन वाक्यं पॉलिसीत शोधा. स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. आणि काकांना थंडीत तहान लागणार नाही, पाणी आठवणीनं द्या. आपली माणसं तिथं पाणी पीत नाहीत, बुफेतलं गोड मात्र खातात.

–––

संभाजीनगरचा वाटसरू :

ज्यांच्याकडं अमेरिकेचा व्हिसा नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, असाच समुद्र, डोंगर, छोटी बंदरं नॉर्वेतही आहेत. तिथल्या किनाऱ्यानं १८९३ ला टपालासाठी सुरू झालेल्या बोटी अजून चालतात, आता बर्गनहून किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं घेत, अर्ध्या रात्रीसुद्धा थांबतात, सामान चढतं-उतरतं, गावातले लोक दोन बंदरांपुरते बसतात. नाचगाणी, कॅसिनो काही नाही. उन्हाळ्यात गेलं तर उत्तरेला सूर्य मावळतच नाही. शेंगेनचा व्हिसा लागतो. पण ताई तुमची लेक सिॲटलला आहे म्हटल्यावर तुम्ही अलास्काच करा.

–––

मांजराकाठची ताई :

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅनडाच्या व्हिसाचं आम्हाला खरंच कुणी सांगितलं नव्हतं, लगेच फॉर्म भरला. ग्लेशियर बे असलेली क्रूझ लेकीनं बुक केली, मध्यावरची बाल्कनी. बंदरं जुनो, स्कॅग्वे, केचिकन, व्हिक्टोरिया. आता जेवणाचं सांगा कुणीतरी. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्यायचं म्हणतेय, चालतं का? आणि ह्यांची एकादशी मोडायची नाही.

–––

बीडची लेक :

ताई मी बीडची, लग्नानंतर दहा वर्षं व्हँकुव्हरला, आई-बाबांना घेऊन दोनदा ही क्रूझ केली आहे, ते पण माळकरी.

धपाटे नेऊ नका. घरी केलेलं जेवण बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत, कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं. त्यामुळं चटणी, मेतकूट, खाकरा दुकानातून पॅक घ्या. आणि भारतातून अमेरिकेत उतरताना जे काही खायचं बरोबर असेल ते विचारल्यावर सरळ सांगायचं, न सांगता सापडलं तर दंड होतो.

बुकिंग झाल्यावर लगेच, जायच्या महिनाभर तरी आधी, मेल करून इंडियन व्हेजिटेरियन किंवा जैन जेवण लिहून मागा. पहिल्या दिवशी संध्याकाळी डायनिंग हॉलमध्ये तिथल्या मुख्य वेटरला भेटा, बऱ्याचदा तो आपल्याच देशाचा निघतो, गोव्याचा, मुंबईचा, केरळचा. आमच्या वेळी तो आदल्या रात्री येऊन विचारायचा उद्या काय करू, बाबांना त्यानं वरण-भात, बटाट्याची भाजी, फुलके करून घातले. बुफेत मात्र सांभाळा, सूपमध्ये चिकनचं पाणी असतं, भातात माशाचा सॉस असतो, केकमध्ये अंडं, दरवेळी विचारायचं, लाजायचं नाही.

एकादशीला काळजी नको. उकडलेला बटाटा, दही, दूध, केळी, टरबूज, सुकामेवा सगळं बुफेत असतं. भगर आणि साबुदाणा तिथं होणार नाही. काकांनी शुगरच्या गोळ्या घेऊन नुसत्या फळांवर दिवस काढायचा का ते मात्र डॉक्टरताईंना विचारा.

अजून एक, टिप रोजची माणशी १६ ते २० डॉलरच्या आसपास आपोआप बिलात लागते, तिकिटाच्या रकमेत बहुधा धरलेली नसते, लेकीला आधी बघायला सांगा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रात नेटवर्क लागलं तर बिल येतं. आणि घड्याळ जहाजाचं पाळा, अलास्काची वेळ सिॲटलच्या एक तास मागं आहे, मोबाईल कधी बदलतो कधी बदलत नाही, जहाज कुणासाठी थांबत नाही.

–––

अंबाजोगाई डॉक्टर :

काकांना सांगा, उपास करायचाच तर तुमच्या डॉक्टरांकडून त्या दिवसाच्या गोळ्यांचं आधी ठरवून घ्या, आणि दर तीन-चार तासांनी काहीतरी खा. निरंकार नाही म्हणजे नाही. खिशात साखरेच्या पुड्या ठेवा.

–––

मांजराकाठची ताई :

मंडळी, मागच्या आठवड्यात लातूरला परतलो. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलं होतं, तर कसं झालं ते सांगणं माझं कामच आहे. मोठं होईल, वाचा.

पहिली रात्र आणि दुसरा दिवस उघडा समुद्र होता, मला त्रास झाला, ह्यांना अजिबात नाही. डॉक्टरताईंचं ऐकून वर जाऊन क्षितिजाकडं बघत बसले, दुपारनंतर बरं वाटलं. जेवणाचं बीडच्या ताईनं सांगितलं तसंच केलं, वेटर मंगळूरचा निघाला, पोराच्या वयाचा, त्यानं ह्यांना तिसऱ्या दिवसापासून बाबा म्हणायला सुरुवात केली. एकादशीला त्यानं स्वतःहून बटाटे तुपात जिऱ्यावर परतून आणले, शेंगदाण्याचं कूट आमच्याजवळचं दिलं. सकाळी सहाला बाल्कनीत बसून ह्यांनी हरिपाठ म्हटला, बाहेर धुकं आणि काळंभोर पाणी, मी टाळ तेवढ्या बोटांनी कठड्यावर धरले.

केचिकनला उतरलो तर पाऊस. आपल्याकडं वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पडला तर चांगलं साल म्हणतो, तिथं साडेतीन हजारांच्या वर पडतो. सगळं गाव ओलं, झाडांच्या खोडांवर शेवाळ, लाकडी घरं ओढ्यावर खांब ठोकून उभी केलेली, आणि त्याच ओढ्यात समुद्रातून आलेले साल्मन मासे वर चढायलेले. हे छत्री बंद करून उभे राहिले. मी म्हटलं भिजाल, सर्दी होईल, तर म्हणाले होऊ दे. रस्त्याच्या कडेला गटारातून स्वच्छ पाणी धो धो समुद्राला जात होतं, त्याच्याकडं किती वेळ बघत होते. मिरजेची गाडी आठवली का म्हणून मी विचारलं नाही, मलाही तीच आठवली होती.

तिथं टोटेमचे खांब बघितले, सीडर लाकडाचे, एकाच खोडात खालपासून वर कोरलेले, कावळा, गरुड, अस्वल, व्हेल. मला वाटलं होतं देव असतील, तर तसं नाही, ती त्या घराण्याची गोष्ट असते, कुणाचं कूळ, कोण कधी गेलं, कुणी काय केलं. आपल्या गावागावांत पारावर वीरगळ असतात ना, खालून वर वाचायचे, लढाई, मग स्वर्गात नेणं, मग वर शिवलिंग, मला तेच डोळ्यासमोर आलं. मी शाळेत मुलांना वीरगळ दाखवायला न्यायची तर मुलं म्हणायची बाई ह्याला शेंदूर का लावला, आता परत एखाद्या शाळेत जाऊन दोन्हींचे फोटो शेजारी लावून दाखवणार आहे.

स्कॅग्वेच्या रेल्वेत डाव्या बाजूला बसलो. तिचे रूळ तीन फुटांचे. ह्यांचं लहानपण सगळं बार्शी लाईटच्या गाडीत गेलं, तिचे अडीच फुटांचे होते, लातूरपर्यंत ती १९११ ला आली आणि आमच्या डोळ्यांदेखत रुंद झाली. ह्यांनी डब्यातल्या मुलाला हातानं अंतर दाखवून विचारलं की हे रूळ एवढेच ना, त्यानं मान डोलावली तर एवढे खूश झाले. वळणावर इंजिन आणि शेवटचा डबा एकाच वेळी दिसतो तेव्हा खिडकीतून अर्धे बाहेर, मी शर्ट धरून ठेवला. बार्शी लाईटमध्ये चढावर लोक उतरून चालत चालत परत चढायचे असं हे सांगतात, ते तिथल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, ती बाई ऐकतच राहिली.

जुनोला धबधब्यापर्यंत चालत गेलो, दोनदा बसलो वाटेत. गोदाकाठ भाऊ, व्हेल दिसले, पाच. शेपटी वर येते आणि पाण्यात जाते तेव्हा बोटीतले सगळे लोक गप्प होतात. बोटीवर माहिती सांगणारी बाई म्हणाली की शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे पट्टे प्रत्येकाचे वेगळे, त्यावरून ओळखतात.

आणि ग्लेशियर बे. सकाळी रेंजर चढले, त्यांच्याबरोबर तिथल्या त्लिंगिट समाजाची एक बाईही होती. तिनं सांगितलं की आमचे पूर्वज ह्याच खाडीत राहायचे, मग बर्फ पुढं यायला लागलं, इतक्या वेगानं आलं की गावं सोडून पळावं लागलं, पलीकडं हूना नावाचं गाव वसवलं, आणि आता बर्फ मागं गेलंय तरी ही जागा आमचं घरच आहे. मी ह्यांना मराठीत सांगत होते आणि सांगता सांगता माझा आवाज बसला. ९३ च्या भूकंपानंतर माझी पहिली बदली किल्लारीजवळच्या पुनर्वसित गावात झाली होती, पत्र्याच्या शेडमध्ये शाळा, आणि पोरं रोज संध्याकाळी जुन्या गावाकडं तोंड करून बसायची. तिचं बोलणं संपल्यावर मी तिच्याजवळ गेले, माझं इंग्लिश जेमतेम, पण तिला सांगितलं की आमच्याकडं एका रात्रीत जमीन हलली, गावं उठली, मी त्या मुलांना शिकवलंय. तिनं माझे दोन्ही हात धरले. बाकी काही बोललो नाही आम्ही.

मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज तासभर उभं होतं. बर्फ पांढरं असेल असं वाटलेलं, ते निळं असतं, मोरचुदासारखं, वरच्या वजनानं आतली हवा निघून जाते आणि दाबलेलं बर्फ तांबडा उजेड पिऊन टाकतं म्हणून. वारा असा की डोळ्यातून पाणी. बराच वेळ काही नाही, मग एक कडा नुसता सरकल्यासारखा दिसला आणि पाण्यात गेला, आणि आवाज नंतर आला, लांब नदीवर कुणी कपडे आपटतं तेव्हा हात वर गेल्यावर आपल्याला आवाज येतो ना, तसा. ह्यांनी माझा हात धरलेला होता, लोकांसमोर. ३५ वर्षांत पहिल्यांदा.

–––

परभणीकर एक :

ताई डोळे भरून आले वाचून. बाल्कनी घेतली ते बरंच केलं. एक विचारतो, आम्ही पुढच्या वर्षी आई-वडिलांना पाठवायलोय, ग्लेशियरच्या वेळी जहाजाच्या कुठल्या बाजूला खोली घ्यावी?

–––

मांजराकाठची ताई :

कुठलीही घ्या भाऊ, कप्तान तिथं जहाज जागच्या जागी सावकाश पूर्ण फिरवतो, दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं. लोक इकडून तिकडं पळत होते, आम्ही एकाच जागी बसून होतो आणि बर्फ आमच्यासमोर आलं. आईला हातमोजे आणि कानटोपी द्या, शालीनं भागत नाही. आणि कॅनडाचा व्हिसा आत्ताच टाका.